पहिला घाणा

आमचे नांदेड हे चहाचे गाव. स्टेशनापासून जुन्या मोंढ्यापर्यंत कुठेही थांबा, हातात चहाचाच कप येतो. कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी जायफळ घालून केलेले गोड दूध, एवढीच आमच्या गल्लीची समजूत. आमचे घर मात्र याला अपवाद. अण्णांना कॉफी लागते; नव्हे, लागत असे.

अण्णा रेल्वेत. अर्धी नोकरी रात्रपाळीत गेली. दक्षिण मध्य रेल्वेमुळे सिकंदराबादकडची तेलुगू माणसे इकडे बदलीवर येत. त्यांतल्याच एका सोबत्याने अण्णांना पितळी फिल्टर दिला आणि कडक कॉफीची गोडी लावली. पहाटे चारला पाळी संपवून अण्णा घरी येत, तेव्हा फिल्टरमधून टपटपणाऱ्या कॉफीच्या वासाने मला जाग येई.

गेल्या पावसाळ्यात अण्णांच्या छातीत धडधड होऊ लागली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले, "कॉफी बंद." अण्णा "बरं" म्हणाले. घरी येऊन त्यांनी फिल्टर धुतला, पुसला आणि फळीवर पालथा घातला. तक्रार नाही, चिडचिड नाही. पण चारला उठण्याची सवय कुठे सुटते? मी अभ्यासाला उठे, तर अण्णा ओट्यापाशी स्टुलावर बसलेले. रिकाम्या हातांचे काय करावे, ते त्यांना सुचत नसे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. कॉफीतले नेमके काय बाधते, हे शोधायला ग्रंथालयात बसले आणि तिथे ओळखीचा माणूस भेटला! १७९१ मध्ये शाकुंतलावर प्रशंसेच्या ओळी लिहिणाऱ्या महाकवी गटेनेच १८१९ मध्ये रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या हाती कॉफीच्या बिया दिल्या आणि यांत काय आहे ते शोध म्हणून सांगितले. रुंगेने त्यांतून कॅफीन वेगळे काढले. दिवसभरात मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साचते आणि आपल्याला झोप येऊ लागते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. रात्रपाळीच्या माणसाला जागे ठेवते ते हेच.

पुढे ब्रेमेनचा एक व्यापारी, लुडविग रोझेलियस, याने वडिलांच्या अकाली मृत्यूचा ठपका कॉफीवर ठेवला आणि बियांतून कॅफीन काढण्याची रीत बसवली. १९०६ मध्ये त्याने त्यासाठी कंपनीही काढली. पण त्यासाठी तो जे बेंझिन वापरी, तेच विषारी!

नुसत्या पाण्याची रीत निघाली ती १९३० नंतरच्या दशकात, स्वित्झर्लंडमध्ये. व्यापारात ती आली १९८० च्या सुमारास, आणि १९८८ पासून कॅनडात व्हँकुव्हरजवळ तिचा कारखाना चालू लागला. ही रीत मला कळली ती आईच्या कैऱ्यांमुळे. खारातल्या कैऱ्या फार खारट झाल्या की आई त्या साध्या पाण्यात ठेवते. मीठ निघते, पण कैरीची चवही निघून जाते. कॉफीचे तसेच. न भाजलेल्या हिरव्या बिया गरम पाण्यात भिजवल्या की कॅफीन उतरते आणि चवही. मग ते पाणी कोळशाच्या गाळणीतून काढतात. कोळसा कॅफीन धरून ठेवतो, चव पाण्यातच राहते. आता या पाण्यात दुसऱ्या बिया घातल्या, तर पाणी आधीच चवीने भरलेले. त्यामुळे बियांची चव बियांतच राहते आणि निघते ते फक्त कॅफीन. पुन्हा गाळणी, पुन्हा तेच पाणी. आठ-दहा तासांत जवळजवळ सगळे कॅफीन निघते. मग बिया वाळवून भाजतात.

डॉक्टरांना विचारले. "रोज एखादा कप चालेल," ते म्हणाले. शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी एक पाकीट मागवले. बिया कोलंबियाच्या, स्नान कॅनडात, भाजणी बंगळुरात. एका पहाटे फळीवरचा फिल्टर खाली घेतला.

"काय करायलीस, माय?" अण्णांनी विचारले. मी सगळे सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग त्या पहिल्या बियांचं काय केलं?"

"फेकल्या. त्यांत काही उरलंच नव्हतं."

"म्हणजे पहिला घाणा गेला," अण्णा म्हणाले आणि पेल्यात पाहत राहिले.

वाचकहो, अण्णा लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, सहा भावंडांत थोरले. दहावीला चांगले गुण मिळाले, पण घरात मनीऑर्डर यायला हवी होती. ते नोकरीला लागले. त्या मनीऑर्डरींवर दोन काका शिकले, आत्यांची लग्ने झाली. मला हे सारे ठाऊक होते, पण भूगोलातली नदीची लांबी ठाऊक असावी तसे.

आणि नेमक्या त्याच दिवसांत मीही एक बेत करून बसले होते. अण्णांची तब्येत अशी, धाकट्याच्या शिकवणीची फी डोक्यावर. तेव्हा यंदा कॉलेज सोडून एका दुकानात हिशेबाचे काम धरायचे. आईला बोलले होते. अण्णांना कळले नसेल, असे वाटत होते.

त्यांनी एक घोट घेतला. थोडा वेळ तोंडात घोळवला.

"पहिला घाणा किती वेळा घालवावा लागतो?"

"एकदाच. नंतर तेच पाणी चालतं."

"मग तू कशाला चाललीस त्यात पडायला?"

मला उत्तर सुचले नाही. अण्णांनीही पुढे काही विचारले नाही. उरलेली कॉफी पिऊन त्यांनी पेला विसळला आणि फिल्टर, या वेळी पालथा नाही, उताणाच ठेवला.

हा लेख मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षात लिहीत आहे. हिशेबाचे काम धरले आहे, पण संध्याकाळचे दोन तास. पहाटे चारला आमच्या ओट्यावर दोन पेले असतात. "चव कशी आहे, अण्णा?" मी कधी विचारते. ते म्हणतात, "तीच आहे. नुसती झोप उडत नाही." आणि खरोखरच, कॉफी पिऊन अण्णा पुन्हा अंथरुणावर जातात आणि उजाडेपर्यंत गाढ झोपतात. इतक्या वर्षांची झोप बाकी आहे त्यांची.