जाळ्यासकट उडालेली पाखरे

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही आमचे पांढुर्णा-सौंसर मध्यप्रदेशातच राहिले. घरी मराठी, शाळेत हिंदी. जाळ्यासकट उडणाऱ्या कबुतरांची पंचतंत्रातील गोष्ट आजी आम्हांस मराठीतून सांगत असे. पुढे नोकरीतील बदल्यांत ती आमच्या मुलांना सांगावयाची राहूनच गेली. ती उणीव दूरदर्शनने हिंदीतून भरून काढली. विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा व्यंगपट मुले तन्मयतेने पाहत. त्यातील उंदीर जाळे कुरतडू लागले की आम्हीही वर्तमानपत्र बाजूस ठेवीत असू. परवा नातवाला तो दाखविताना आम्ही आवाज बंद केला आणि गोष्ट मराठीतून सांगितली. चित्रे इतकी साधी, की आजीचे शब्द त्यांत सहज मावले.