शिणाण्यांचा पाहुणचार

समुद्राशी आम्हां नंदुरबारकरांचे नाते काय ते तापीपुरते. प्रकाशाच्या घाटावरून पुढे गेलेले पाणी उकाईच्या धरणात विसावते आणि सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. पाणी तिकडे जाते. समुद्र मात्र कधी आमच्याकडे येत नाही. गेल्या दिवाळीत तो आला, माझ्या धाकट्या जावेबरोबर. ती मालवणची. भाऊबीज आटोपून माहेराहून परतताना तिने ओल्या गोणपाटात गुंडाळून शिणाणे आणले, हिरवट कडांचे लांबट शिंपले, आणि सोबत बिअरच्या दोन बाटल्या!

“हाई काय शे?” सासूबाईंनी विचारले. प्रश्न शिंपल्यांविषयी नव्हता. आमच्या घराचा उंबरठा बाटलीने कधी ओलांडला नव्हता.

“आई, बेल्जियमकडे लोक हे असेच शिजवतात,” जाऊ म्हणाली. पण बेल्जियमचे नाव ऐकून विरघळणाऱ्या आमच्या सासूबाई नव्हेत!

शिणाण्यांची तऱ्हा मोठी मजेदार. खडकाला धरून ठेवणारे त्यांचे तंतू ओढून काढायचे. तोंड उघडे दिसले तर टिचकी मारायची. मिटले तर जिवंत, न मिटले तर टाकून द्यायचे. तेलात कांदा-लसूण परतून शिणाणे घालायचे, वर बिअर ओतून झाकण ठेवायचे. पाचएक मिनिटांत शिंपले आपणहून उघडतात. जे उघडत नाहीत, तेही फेकायचे. मीठ बेतानेच, कारण समुद्र त्यांच्या पोटातच असतो. जावेने त्यात आमची नंदुरबारी मिरची घातली आणि बिअरचा कडवटपणा मोडायला धडगावचा आमचूर.

“उकळल्यावर दारू राहते कुठे?” ती म्हणाली खरी, पण एवढ्याशा उकळीने ती सगळी उडत नाही. मग सासूबाईंसाठी आणि मुलांसाठी दुसरे पातेले चढले, नुसत्या पाण्याचे. हा तह दोघींनाही मानवला.

जेवताना जाऊ सांगत होती. कोयत्याने खडक खरवडताना लोक मोठ्यांबरोबर बारीक पिल्लेही काढतात. मग पुढच्या वर्षी खडक उघडा पडतो. केरळात कासरगोडकडे बायका दोरांवर शिणाण्यांची शेती करतात. पिल्ले सुती कापडाने दोराभोवती बांधतात. ती दोराला चिकटेपर्यंत कापड कुजून जाते. खाद्य घालावे लागत नाही, पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून ती पोसतात. पावसाचे गोडे पाणी खाडीत उतरण्याआधी पीक काढायचे. सिंधुदुर्गातही बचतगटांच्या बायकांनी ही शेती करून पाहिली आहे.

सासूबाई ऐकत होत्या. त्यांचे बालपण सातपुड्याच्या पायथ्याशी गेलेले. त्या म्हणाल्या, “मोहाचंही तसंच. गळालेलं फूल वेचलं, तर झाडाला काही होत नाही. पण वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाला पेटवतात आणि नवी रोपं जळतात. म्हातारी झाडं उभी राहतात, त्यांच्यामागे कुणी नाही.”

क्षणभर कुणीच बोलले नाही. मुलेसुद्धा रिकामे शिंपले वाजवायची थांबली.

मग सासूबाईंनी ताटली पुढे केली. “वाढ थोडे. अन् पुढच्या वर्षी दोरावरचे मिळाले तर आण. पातेली मात्र दोनच राहू देत!”