फाटका आवाज

किंग क्रिम्सन हा इंग्लंडचा रॉक बॅण्ड. 1972 साली त्यांनी ‘अर्थबाउंड’ नावाची थाळी काढली. अमेरिकेच्या दौऱ्यातलं जाहीर वाजवणं, साध्या कॅसेटवर घेतलेलं. आवाज फाटलेला. अमेरिकेतल्या कंपनीनं ती काढायलाच नकार दिला. मला तोच फाटका आवाज भावला. साच्यांच्या खडखडाटात मुरलेला कान आपला, त्याला गुळगुळीत गाणं खोटं वाटतं.

पण ऐकताना डोक्यात येतो मुलुंडच्या झोपडपट्टीतला शाहीर विलास घोगरे. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये (1985) तो गातोय. 11 जुलै 1997. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं गेली. थोड्याच दिवसांत विलासनं जीव दिला. 2011ला ‘जय भीम कॉम्रेड’ आला, तेव्हा त्याचा गळा परत ऐकला.

त्या बॅण्डचा खराब आवाज पुढं सीडीवर निघाला, लोकांनी हौसेनं घेतला. विलासच्या नावाची थाळी मागायला कुठल्या दुकानात जायचं? जलशात मोबाईल वर धरून उभ्या पोरांनो, आवाज फाटला म्हणून पुसू नका.