अर्ध्या दिवसात शिवाजीनगर

बेंगळुरूला जाणारे मराठी कुटुंब बहुधा लालबाग पाहते, बुल टेंपलमधल्या नंदीला हात जोडते, विधानसौधासमोर छायाचित्र काढते आणि म्हैसूरची गाडी पकडते. अर्ध्या दिवसाच्या बससहलीतही साधारण हीच ठिकाणे असतात. पण शहरात फिरताना एक नाव वारंवार कानावर पडत राहते. सिटी बसचा कंडक्टर दारात उभा राहून ‘शिवाजीनगर, शिवाजीनगर’ असा पुकारा करतो आणि मराठी माणसाचे कान टवकारतात. पुण्यातले शिवाजीनगर माहीत असते, पण कर्नाटकाच्या राजधानीत हे नाव कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार वेळ लागत नाही. सकाळी सातला सुरुवात केली तर अकरा-साडेअकरापर्यंत सारा परिसर पायी पाहून होतो. शहरात वारसा-फेऱ्या घडवून आणणाऱ्या संस्था आणि मार्गदर्शक आहेत. ‘इन्टॅक’ या वारसा जतन करणाऱ्या संस्थेची बेंगळुरू शाखाही अशा फेऱ्या काढते. जाणकार मार्गदर्शक बरोबर असेल तर उत्तमच, कारण इथली गंमत इमारतींपेक्षा त्यांच्यामागच्या गोष्टींमध्ये आहे.

शहाजीराजांची जहागीर

नावाची गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे. केंपेगौडाने १५३७मध्ये बेंगळुरू वसवले. पुढे १६३८च्या सुमारास विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे भोसले यांनी ते जिंकले आणि आदिलशहाने ही जहागीर शहाजीराजांना दिली. राजांनी इथे आपला दरबार थाटला. १६४०च्या सुमारास जिजाबाई आणि बाल शिवाजी काही काळ त्यांच्याकडे येऊन राहिले होते, असे इतिहासकार सांगतात. शहाजीराजांनंतर ही जहागीर एकोजीराजांकडे आली. ते तंजावरला गेले आणि १६८७नंतर हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांच्या हाती गेले. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक बेंगळुरूवर भोसल्यांचा अंमल होता.

मात्र इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिवराय ज्या बेंगळुरूत राहिले ते हे शिवाजीनगर नव्हे. शहाजीराजांचे बेंगळुरू म्हणजे जुना किल्ला आणि त्याला लागून असलेली पेठ, आजच्या के. आर. मार्केट आणि चिकपेटचा भाग. तो इथून चार-पाच किलोमीटरवर आहे. शिवाजीनगरच्या जागी त्या काळी लहान खेडे होते. तेव्हा किल्ला, बुरूज किंवा महाल पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्या पर्यटकाची निराशा होईल. इथे पाहायचे आहे ते वेगळेच.

ब्लॅकपल्लीचे शिवाजीनगर

१७९९मध्ये टिपू सुलतान पडला आणि इंग्रजी फौज श्रीरंगपट्टणला राहिली. तिथल्या हिवतापाने सैनिक हैराण झाले, म्हणून १८०९मध्ये फौजेची छावणी बेंगळुरूच्या थंड, मोकळ्या माळावर हलवण्यात आली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरची ही हवा गोऱ्या साहेबांना मानवली. फौज आली की तिच्यामागे आचारी, धोबी, शिंपी, खाटीक, दुकानदार, कंत्राटदार असा लवाजमा येतोच. इथे तो मुख्यतः तमिळ मुलखातून आला. मागोमाग दक्खनी मुसलमान आणि कच्छी मेमन व्यापारीही आले. साहेबांचे बंगले ऐसपैस रस्त्यांवर बांधले गेले आणि या कष्टकऱ्यांची वस्ती दाटीवाटीने ब्लॅकपल्लीत झाली.

ब्लॅकपल्ली हे नाव कसे पडले याच्या तीन गोष्टी सांगितल्या जातात. कुणी म्हणते, कन्नडमधल्या ‘बिळी अक्की हळ्ळी’चे, म्हणजे पांढऱ्या तांदळाच्या गावाचे, इंग्रजांनी ब्लॅकपल्ली केले. कुणी छावणीची आखणी करणाऱ्या ब्लेकिस्टन नावाच्या अधिकाऱ्याकडे बोट दाखवते. कुणी सरळ सांगते की गोऱ्यांनी काळ्यांच्या वस्तीला दिलेले हे नाव. १८८१मध्ये म्हैसूरचे राज्य वोडेयारांना परत मिळाले, तरी छावणीचा हा भाग इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवला. एका शहरात दोन राज्ये, दोन नगरपालिका आणि मधे कब्बन पार्कची हिरवी झालर! हा दुभंग स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९४७मध्ये संपला आणि १९४९मध्ये दोन्ही नगरपालिका एक झाल्या. पुढे ब्लॅकपल्ली हे नाव मागे पडले आणि शिवाजी महाराजांचे नाव या वस्तीला मिळाले. कधीकाळी भोसल्यांची जहागीर असलेल्या शहराने गोऱ्या साहेबांचे नाव पुसून त्या जागी शिवरायांचे नाव लिहिले, ही गोष्ट मराठी वाचकाला सुखावणारीच आहे.

साडी नेसलेली मेरी

फेरीची सुरुवात सेंट मेरी बॅसिलिकापासून करावी. बसस्थानकाजवळच तिचा उंच मनोरा दिसतो. इथे आधी तमिळ मुलखातल्या सेंजी भागातून आलेल्या ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. १८१८मध्ये आबे दुबुआ या फ्रेंच पाद्र्याने त्यांच्यासाठी छोटे प्रार्थनामंदिर बांधले. हिंदू चालीरीतींवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध आहेच, शिवाय म्हैसूर राज्यात देवीच्या लशीचा प्रसारही त्याने केला. आजची गॉथिक शैलीतील इमारत १८८२मध्ये पूर्ण झाली. टोकदार कमानी, खांबांच्या रांगा आणि रंगीत काचांच्या खिडक्या पाहण्यासारख्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात या काचा काढून ठेवल्या होत्या, युद्धानंतर त्या पुन्हा बसवण्यात आल्या. १९७४मध्ये या चर्चला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला.

पण पर्यटक थबकतो तो मेरीच्या मूर्तीसमोर. कडेवर बाळ घेतलेल्या मेरीला इथे साडी नेसवलेली असते. समोर मेणबत्त्या आणि फुलांचे हार असतात. दर्शनाला येणाऱ्यांत कपाळाला कुंकू लावलेल्या आणि बुरखा घेतलेल्या बायकाही दिसतात. आजारपण, मुलाची परीक्षा, लांबलेले लग्न, प्रत्येकीचे गाऱ्हाणे वेगळे. दरवर्षी ऑगस्टअखेर ध्वज चढतो, नऊ दिवस नोव्हेना चालते आणि ८ सप्टेंबरला मेरीचा रथ रस्त्यावरून निघतो. या दिवसांत कित्येक भाविक भगवी वस्त्रे घालतात. मराठी माणसाला पंढरीची किंवा एखाद्या देवीच्या जत्रेची आठवण व्हावी, असेच ते दृश्य असते.

रसेल मार्केटची सकाळ

बॅसिलिकातून बाहेर पडताच समोर रसेल मार्केटची देखणी इमारत दिसते. मुंबईच्या महात्मा फुले मंडईची आठवण करून देणारी ही बाजारपेठ १९२७मध्ये बांधायला घेतली. तिला छावणीच्या नगरपालिकेचे आयुक्त टी. बी. रसेल यांचे नाव मिळाले आणि १९३३मध्ये दानशूर व्यापारी इस्माईल सेट यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. कमानी, मनोरे आणि घड्याळ अशी इंडो-सारासेनिक धाटणीची ही वास्तू आहे.

आत शिरले की एकीकडे गुलाब आणि मोगऱ्याचे ढीग, दुसरीकडे डोंगराएवढ्या भाज्या, पलीकडे फळे आणि मागच्या अंगाला मांस-मासळी. शाकाहारी मंडळींनी मार्गदर्शकाला आधीच सांगितले तर तो मागचा भाग टाळून नेतो. कित्येक गाळे एकाच घराण्याकडे दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. फेब्रुवारी २०१२मध्ये पहाटे लागलेल्या आगीत अनेक गाळे भस्मसात झाले. तेव्हा हा बाजार आता संपला, असे अनेकांना वाटले. पण व्यापाऱ्यांनी कंबर कसली, गाळे पुन्हा उभे केले आणि बाजार फिरून गजबजला. मॉलच्या काळात ही जुनी इमारत किती दिवस तग धरेल, ही काळजी मात्र जुन्या गिऱ्हाइकांना वाटत राहते. पर्यटकाने इथे पावशेर फळे जरी विकत घेतली, तरी त्या टिकून राहण्याला त्याचा हातभार लागतो.

‘नक्को’ म्हणणारी बोली

भाजीवाल्याशी घासाघीस करताना मराठी गृहिणीला एक सुखद धक्का बसतो. गिऱ्हाईक भाव ऐकून म्हणते, ‘नक्को!’ हा शब्द आपल्या ‘नको’चाच भाऊबंद. इथले मुसलमान दक्खनी बोलतात आणि त्या बोलीत मराठीचे अनेक रंग मिसळले आहेत. ‘असेच’, ‘तूच’ यातला आपला ‘च’ तिथे ‘ऐसाइच’, ‘तूइच’ असा ऐकू येतो. आदिलशाही, निजामशाही आणि मराठे यांच्या शतकानुशतकांच्या सहवासाने दिलेली ही देणगी आहे. शहाजीराजांच्या काळातल्या इमारती शोधाव्या लागतात, पण त्या काळाचा आवाज असा बाजारात फुकट ऐकायला मिळतो. त्याच गाळ्यावरचा माणूस पुढच्या क्षणी तमिळमध्ये हिशेब करतो आणि तिसऱ्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलतो. चार भाषा एका श्वासात बोलणे इथे विद्वत्तेचे नव्हे, पोटापाण्याचे काम आहे.

रस्त्यांच्या पाट्याही वाचण्याजोग्या आहेत. इन्फंट्री रोड छावणीची आठवण देतो. मीनाक्षी कोइल स्ट्रीट आणि धर्मराज कोइल स्ट्रीट यांतले ‘कोइल’ म्हणजे तमिळमधले देऊळ. जवळच इब्राहिम साहेब स्ट्रीट, नारायण पिळ्ळे स्ट्रीट आणि जुन्या अनाथाश्रमाची खूण सांगणारा ओल्ड पुअर हाऊस रोड आहे. दहा मिनिटांच्या अंतरात सैनिक, देव, व्यापारी आणि गोरगरीब, सगळे पाट्यांवर भेटतात.

दोन इस्पितळे

सहलीत इस्पितळे पाहायची, हे ऐकून नवल वाटेल. पण शिवाजीनगरची दोन इस्पितळे बाहेरून तरी जरूर पाहावीत. बोरिंग इस्पितळ १८६८चे, म्हैसूरचे कमिशनर लेविन बोरिंग यांच्या नावाचे. पुढे त्याला स्त्रियांसाठी लेडी कर्झन विभागाची जोड मिळाली. दुसरे गोशा इस्पितळ. गोशा म्हणजे पडदा. पुरुष डॉक्टरांसमोर न येणाऱ्या बायका औषधपाण्याविना राहू नयेत, म्हणून इस्माईल सेट यांच्या दानातून १९२०च्या दशकात हे उभे राहिले आणि त्यांच्याच नावाने ओळखले जाते. नावात पडदा असला, तरी आता सर्व धर्मांच्या बायका इथे बाळंतपणासाठी येतात.

दाट वस्ती म्हणजे रोगराईला आमंत्रण. १८९८च्या प्लेगने बेंगळुरूला तडाखा दिला, तेव्हा ब्लॅकपल्लीसारख्या दाट वस्त्यांतून लोकांना बाहेर काढावे लागले. पुढे जवळच फ्रेझर टाउन ही मोकळी वसाहत वसली. मुलांना इतिहास पुस्तकाबाहेर दाखवायचा असेल, तर ही जागा उत्तम आहे.

शेवटचा थांबा कमर्शियल स्ट्रीट. दुकाने साडेदहा-अकराच्या सुमारास उघडतात, म्हणून हा टप्पा शेवटी ठेवावा. साड्या, ड्रेसचे कापड, चपला, खोटे दागिने सारे मिळते. घासाघीस करायला लाजू नये. आसपासच्या साध्या हॉटेलात इडली-वडा आणि फिल्टर कॉफी घेतली की पायांचा शीण जातो. रमजानच्या महिन्यात संध्याकाळी येणाऱ्यांना खाद्यपदार्थांनी भरलेले रस्ते पाहायला मिळतात.

नाव कुणाचे?

सप्टेंबर २०२५मध्ये या वस्तीचे नाव अचानक वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. मेरीच्या उत्सवात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी इथल्या मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचे नाव देण्याची शिफारस केंद्राकडे करण्याचे आश्वासन दिले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यावर कडाडून टीका केली आणि दोन्ही राज्यांत वाद रंगला. शिवरायांच्या नावाविषयी मराठी माणूस हळवा असणारच. पण अर्धा दिवस इथे फिरलेल्या पर्यटकाच्या लक्षात येते की बॅसिलिकाच्या पायरीवर फुले विकणारी बाईसुद्धा आपला पत्ता ‘शिवाजीनगर’ असाच सांगते. ज्या राजाने सर्व धर्मांच्या रयतेला अभय दिले, त्याचे नाव इतक्या भाषांच्या आणि धर्मांच्या लोकांच्या तोंडी रोज असावे, यापेक्षा मोठे स्मारक कोणते? हे नाव पाटीवरून वाचण्यापेक्षा त्या बाईच्या तोंडून ऐकण्यात अधिक समाधान आहे.

पर्यटकांसाठी

मुंबईहून उद्यान एक्सप्रेसने बेंगळुरू गाठता येते. शहराच्या सर्व भागांतून शिवाजीनगर बसस्थानकाला सिटी बस मिळतात. मेट्रोने आल्यास कब्बन पार्क किंवा एम. जी. रोड स्थानकावर उतरून रिक्षा करावी. पायांत जुन्या, सोयीच्या चपला असाव्यात, बाजारात जमीन ओली असते. चर्च आणि मशिदीत साधा, अंगभर पोशाख ठेवावा. कुणाचेही छायाचित्र विचारूनच घ्यावे. मोटार आणण्याचा मोह टाळावा, ती उभी करायला जागा मिळत नाही.

भोसल्यांच्या खुणाच पाहायच्या असतील तर दुपारी मल्लेश्वरममधले एकोजीराजांच्या नावाशी निगडित काडू मल्लेश्वर मंदिर पाहावे. आणखी दोन दिवस हाताशी असल्यास दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरेला जावे. १६६४मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून निधन पावलेल्या शहाजीराजांची समाधी तिथे आहे.