शांतता क्षेत्राच्या आत

2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाची दुसरी लाट भरात असताना, एका रात्री परभणीच्या जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजनच्या पाइपलाइनवर झाड कोसळलं. कर्मचाऱ्यांनी धावाधाव करून सिलिंडर जोडले, रुग्णांचे जीव वाचवले. अशा रात्री हाकाटी व्हायलाच हवी.

छळतात त्या बाकीच्या, काहीच न घडणाऱ्या रात्री.

परभणीतल्या कुठल्याही आयसीयूच्या बाहेर गंगाखेड-जिंतूरकडचे नातेवाईक चटईवर बसून दबक्या आवाजात बोलत असतात. आत मॉनिटरची टिकटिक, सक्शनची घरघर, सिरिंज पंपाची पीप-पीप, स्टीलच्या ट्रेमध्ये आपटलेली कात्री. रुग्णाच्या खोलीत रात्री सरासरी 30 डेसिबलच्या वर आवाज नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 सालीच सांगितलं. इंग्लंडमधल्या पाच आयसीयूंची मोजणी 2013 साली प्रसिद्ध झाली. तिथं सरासरी सदैव 45 च्या वरच निघाली. आणि 30 चे 60 झाले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट नव्हे, हजारपट होते.

त्या गोंगाटात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिवस-रात्र कळेनाशी होते. तो बरळतो, नळ्या ओढतो. घरचे घाबरतात. या भ्रमात मोडलेल्या झोपेचाही वाटा असतो, असं डॉक्टर मानतात.

यंत्रांना दोष देऊन मात्र भागणार नाही. बोटाला लावलेल्या चिमट्याचा मॉनिटर रक्तातला ऑक्सिजन घटला की आपला सूर खाली नेतो. जाणती सिस्टर पाठमोरी असूनही तेवढ्यावरून वळते. हा आवाज म्हणजे तिचा तिसरा डोळाच. पण रुग्णानं बोट हलवलं तरी गजर होतो, मे महिन्यात परभणीच्या उकाड्यात घामानं छातीवरचं इलेक्ट्रोड सुटलं तरी होतो. शंभरदा खोटं ओरडणाऱ्याकडे एकशे एकाव्या वेळी कोण बघणार? अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात इलेक्ट्रोड रोज बदलायला सुरुवात केली, तेव्हा गजर जवळपास निम्म्यावर आले. कातडी पुसायची, कोरडी करायची, नवी चकती चिकटवायची. एवढंच काम.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या आपल्या पुस्तकात आवाजावर अख्खं प्रकरण लिहिलं. त्यांचा मोठा राग होता तो रुग्णाच्या दाराशी चालणाऱ्या कुजबुजीवर, कारण आपल्याबद्दलच बोलतायत या शंकेनं रुग्ण कान ताणत राहतो. खाटेच्या पायथ्याशी राउंड घेताना हे आजही विसरलं जातं.

2000 सालच्या नियमांनुसार रुग्णालयाभोवती किमान 100 मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. रात्री मर्यादा 40 डेसिबल. रस्त्यावरच्या डीजेला हा कायदा अडवू शकतो. फरशीवर खरडणाऱ्या लोखंडी स्टुलाच्या पायांना रबरी बूच मात्र आतल्याच कुणीतरी बसवायला हवं.