चौथा व्यापारी: पापनाशमच्या रोजनिशीतली पानं

10 जून 2025

पापनाशमला पोचले. तंजावर-कुंभकोणम रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव. खोली मिळाली ती एका तंजावरी मराठी आजींच्या माडीवर. व्यंकोजी राजे 1676च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले, त्यानंतर इकडे येऊन राहिलेल्यांपैकी हे घराणं. आजींचं मराठी पहिली पाच मिनिटं कान देऊन ऐकावं लागतं, मग काही अडत नाही. नेमकं काय शिकतेस, म्हणून विचारलं. पीएचडी, मार्केटिंग आणि संगणकशास्त्र दोन्ही मिळून, असं सांगितलं. "म्हणजे सासवा दोन," आजी म्हणाल्या.

खरंच दोन आहेत. गाइड मॅडम मार्केटिंगच्या, त्यांचा पहिला प्रश्न कायम एकच, "यात ग्राहक कोण?" को-गाइड सर संगणकाचे, त्यांचा प्रश्न, "तुझ्या मॉडेलशिवाय काम किती बिघडतं?" विषय नोंदवला आहे तो कापसाच्या लिलावातल्या भावाचा अंदाज आणि शेतकऱ्याचा निर्णय. मी कारंजा लाडची. 1886 साली कापसाचा पहिला नियंत्रित बाजार आमच्याकडे उभा राहिला आणि 1897चा वऱ्हाडचा कायदा त्यानंतरचा, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही अभिमानाने ऐकवतात. मद्रास प्रांताने असा कायदा केला 1933 साली. मग कारंजाचा बाजार सोडून इथे का? कारण आमच्याकडे बोली तोंडाने होते, इथे चिठ्ठीने. तोंडी बोलीत शेवटचा आकडा तेवढा नोंदवला जातो. चिठ्ठीत हरलेल्यांचे आकडेही राहतात, आणि संशोधनाला तेच हवे असतात.

12 जून

आज मेट्टूर धरणातून पाणी सोडलं. 12 जून हा त्याचा ठरलेला दिवस. पाऊस दगा देतो त्या वर्षी तो चुकतो, गेल्या वर्षी चुकलाच होता. पाणी कल्लणैच्या बंधाऱ्याला येणार, तिथून कालव्यांत आणि कुडमुरुट्टी नदीत. मग कुरुवै भाताची घाई. भाताच्या दोन हंगामांमधल्या उन्हाळ्यात इथे कापूस घेतात, म्हणजे कापसाचे पैसे हातात पडायची वेळ आणि भाताच्या लावणीचा खर्च अगदी लागून येतात. कापूस विकायला आलेल्या माणसाला थांबायला सवड नाही. वहीत हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

15 जून

रविवार. आजींच्या नातवाला, दहावीतल्या, लिलावाचं शास्त्र समजावत बसले होते. त्याच्या फोनवर 'शूज' शोधायला लावले. वरती जाहिराती आल्या. म्हटलं, तू बोट लावलंस आणि पान उघडलं, तेवढ्यात लिलाव होऊन गेला: तुझी नजर विकली गेली. पोराला पटेना.

माझे दोन विषय खऱ्या अर्थाने एकत्र आले ते इथेच, शोधयंत्रांच्या जाहिरातींत. 1998 साली गोटू नावाच्या कंपनीने (पुढे तिचं ओव्हरचर झालं) शब्दांचा लिलाव सुरू केला: जो जितकी बोली लावेल तितके त्याने भरायचे. जाहिरातदारांनी रोबो लावले. एकमेकांवर एकेक सेंट चढवत जायचे, परवडेनासं झालं की एकजण धाडकन खाली यायचा आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. बोलींचा आलेख काढला तर करवतीचे दात दिसतात. गुगलने 2002मध्ये नियम बदलला: जिंकणाऱ्याने आपल्या खालच्याच्या बोलीइतकं भरायचं. हे तत्त्व मूळचं विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाचं, 1961 सालच्या लेखातलं. गंमत अशी की संकेतस्थळांवरच्या जाहिरातफलकांच्या लिलावात गुगल 2019मध्ये गोटूच्याच पद्धतीवर आलं: लिहिलं तेवढं भरा. पापनाशमला आधीपासून तेच चालू आहे.

18 जून

लिलावाचा दिवस. सकाळी लवकर नियंत्रित बाजाराच्या आवारात गेले. जुन्या साड्यांत आणि गोणपाटात बांधलेली गाठोडी, टेम्पोवर, मोपेडवर, एक तर सायकलवर. प्रत्येक ढिगाला क्रमांक. मग व्यापारी फिरतात. पन्रुटी-विळुप्पुरमकडचे, काही पश्चिमेच्या गिरणीपट्ट्यातले. ढिगाच्या वरचा कापूस कुणी बघत नाही. हात कोपरापर्यंत आत जातो, मूठभर बाहेर येतो, दोन चिमटींत धरून ओढला जातो, धागा किती लांबतो ते पाहतात. मग मूठ आवळून सोडायची. कापूस लगेच फुलला तर कोरडा, गोळा तसाच राहिला तर ओला. कापूस महामंडळ आठ ते बारा टक्के ओलावा चालवून घेतं आणि आठच्या वर गेला की भाव कापतं. त्यासाठी त्यांच्याकडे मीटर असतो. आलेल्यांपैकी एका वयस्क व्यापाऱ्याची मूठ किती बरोबर येते हे पाहायला मी माझा छोटा मीटर त्याच्यामागोमाग त्याच ढिगांत खुपसत गेले. ज्याला तो 'ओला' म्हणाला तो प्रत्येक ढीग मीटरवरही ओलाच निघाला. सरांना हा आकडा आवडणार नाही, कारण मूठ डेटासेटमध्ये भरता येत नाही.

मग चिठ्ठ्या. प्रत्येक व्यापारी क्रमांकासमोर भाव लिहितो, कागद पेटीत टाकतो. पेटी उघडली की अधिकारी सर्वात वरचा भाव पुकारतात. आवाज, हमरीतुमरी काही नाही. आमच्याकडे लिलाव संपेपर्यंत घसे बसतात. पटला तर शेतकरी मान हलवतो आणि गाठोडं काट्यावर जातं. न पटला तर नकार द्यायचा हक्क आहे. शेतकऱ्याला अडत द्यावी लागत नाही, बाजारशुल्क व्यापाऱ्यावर. मी पाहिले त्यांत नाही म्हणणारे फार थोडे. मेट्टूरचं पाणी वाटेत आहे.

काही ढिगांवर पाच-सहा भाव लिहिलेले, काहींवर दोनच. कडेला पडलेल्या लहान ढिगांकडे लांबचे व्यापारी वळतच नाहीत.

19 जून

तिरुप्पालैत्तुरैच्या पालैवननाथर मंदिराला जाऊन आले. आवारात नायक राजांच्या काळातलं, सतराव्या शतकातलं विटांचं धान्याचं कोठार आहे: गोल, वर निमुळतं होत गेलेलं. तीन हजार कलम (धान्याचं इकडचं जुनं माप) भात मावायचं असं सांगतात. भाव पडले की माल आत ठेवायचा, ही सोय तेव्हा देवाकडे होती. पायऱ्यांवर बसून उरलेल्या नोंदी पूर्ण केल्या.

22 जून

बाबांशी फोन. चिठ्ठीची पद्धत ऐकून म्हणाले, "मंग दुसऱ्यानं किती लिवलं हे कोनाले समजतच नाही?" नाही. "मंग त घेनाऱ्याची चांदी. आपन एक आकडा मनात धरून जायाचं. त्याच्या खाली त माल वापस आनायचा." बाबांनी आयुष्यभर हेच केलं. भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायचा. उन्हाळ्यापर्यंत त्या कापसाने घरभर अंगाला खाज सुटायची, भाव कधी वाढायचा, कधी नाही. मनातल्या त्या आकड्याला लिलावशास्त्रात राखीव किंमत म्हणतात. रॉजर मायरसनने 1981 साली ती नेमकी कुठे धरावी याचं गणित दिलं.

रात्री ते गणित मांडलं. समजा एका ढिगाची किंमत वेगवेगळ्या व्यापाऱ्यांच्या लेखी क्विंटलला 6,000 ते 7,000 यांमध्ये कुठेही असू शकते, आणि न विकला तर शेतकऱ्याला तो 6,000चा. तीन व्यापारी असतील तर ज्याच्या लेखी कापूस 6,900चा आहे तो 6,600 लिहील. मधले तीनशे हा त्याचा नफा. शेतकऱ्याला सरासरी मिळतात 6,500. आता बाबांची पद्धत, तीही मायरसनने सांगितलेल्या उत्तम आकड्यावर, म्हणजे 6,500वर अडून: सरासरी होते 6,531, आणि आठांतून एकदा माल परत घरी. फायदा एकतीस रुपये. आणि राखीव किंमत वगैरे काही न ठेवता नुसता चौथा व्यापारी आला तर? 6,600. पुरते शंभर.

जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्पेरर यांनी 1996मध्ये हे सिद्ध करून ठेवलंय: व्यापाऱ्यांची जातकुळी सारखी असेल, तर लिलाव कितीही हुशारीने रचा, जास्तीचा एक घेणारा त्याहून भारी पडतो. वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. बाबांना एवढंच म्हटलं की आकडा धरून बसण्यापेक्षा ढिगाशी माणसं किती उभी राहतात ते पाहा. "आन थे कोन आननार?" बाबा म्हणाले.

26 जून

दोन्ही गाइडबरोबर ऑनलाइन बैठक. आजच्याच तारखेला, 1974 साली, अमेरिकेतल्या ओहायोत एका दुकानात बारकोडवरून पहिली वस्तू विकली गेली: च्युइंगगमचं पाकीट. अशा बारकोडच्या पावत्यांच्या ढिगावर 1983 साली ग्वादान्यी आणि लिटल यांनी ग्राहक कुठला ब्रँड उचलेल याचं मॉडेल बांधलं, आणि आमच्या जोडविषयाची ती एक जुनी पायरी मानतात. लिटल मूळचे भौतिकशास्त्राचे. मॅडमना बरं वाटावं म्हणून हे सांगून बैठक सुरू केली.

सरांचं म्हणणं, अंदाजाची चूक आणखी कमी कर, हवामानाचा आणि सुताच्या भावाचा डेटा जोड, म्हणजे अधिवेशनाला पेपर जाईल. त्यांच्याकडे अधिवेशनाच्या तारखा देवाच्या तिथीसारख्या पाळतात. मॅडमच्या नियतकालिकांत एका लेखाला दोन-तीन वर्षं सहज जातात. मला शिष्यवृत्ती किती दिवस आहे हे दोघांपैकी कुणी विचारत नाही, असो.

मी विचारलं, भावाचा बरोबर अंदाज शेतकऱ्याला मिळाला तर तो काय करील? कोठार नाही, कुरुवै तोंडावर, गाठोडं आवारात आणलेलं. आकडा कळूनही तो विकणारच. दोघंही क्षणभर गप्प. मग मॅडमनी त्यांचा प्रश्न विचारला, आणि यावेळी तो मला हवाच होता: "मग यात ग्राहक कोण?"

2 जुलै

पुन्हा लिलाव. गेल्या वेळचा तो वयस्क व्यापारी आज बोलायला मोकळा होता. आजींचा नातू दुभाषा. इथे दर आठवड्याला का येत नाही, असं विचारलं. त्याचं उत्तर जसंच्या तसं: लॉरी भरेल इतका माल असेल की नाही हे आदल्या दिवशी कळत नाही. लॉरीचं भाडं, दोन हमाल, रात्रीचा प्रवास. आणि इथे येऊन अर्धी लॉरी रिकामी परत नेली तर तो खर्च पुढच्या ढिगांच्या भावातून कापावाच लागतो. "मालाचा अंदाज द्या, मी येतो."

आवक किती होईल हा अंदाज माझ्या मॉडेलमध्ये आहे. भावाच्या अंदाजाची एक मधली पायरी म्हणून काढते आणि पुढे फेकून देते. गेल्या आठवड्यांतली आवक, कोणत्या गावात वेचणी कितवी चालू आहे, पाऊस पडला का: एवढ्यावर उद्याची आवक भावापेक्षा कितीतरी बरी सांगता येते.

3 जुलै

कर्नाटकावरचं काम पुन्हा काढून वाचलं. 2014पासून तिथल्या बाजार समित्या एका ऑनलाइन मंचावर जोडल्या गेल्या. एमआयटीचे रेत्सेफ लेवी आणि त्यांच्याबरोबरच्यांनी, त्यात सोम्या सिंघवी हे तेव्हाचे पीएचडीचे विद्यार्थी, त्याचा परिणाम मोजला: भाताचा भाव 5.1 टक्के, भुईमुगाचा 3.6, मक्याचा 3.5 टक्के वाढला. कापूस, मूग, तूर यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. परिणाम कुठे किती हे वाहतुकीच्या अडचणी, बोलीची पद्धत, व्यापार किती मोजक्या हातांत आहे आणि प्रतवारी नीट होते का, यांवर अवलंबून असल्याचं ते दाखवतात. पडद्यावर लांबचा व्यापारी बोली लावू शकतो. पण ढिगात हात घालून पाहिल्याशिवाय कापसाला कोण बोली लावणार? मूठ आवळणारा माणूस इथे यायला हवा. म्हणजे लॉरीच हवी.

हाच गट पुढे कडधान्याच्या एका मोठ्या बाजारात दोन फेऱ्यांचा लिलाव प्रत्यक्ष चालवून आला: पहिल्या फेरीत वर राहिलेल्यांना पुन्हा बोली लावायची संधी. पीएचडी अशीही होते, बाजाराच्या आवारात उभं राहून. आपल्याकडच्या बहुतेक व्यवस्थापन विभागांत अजून दोनशे जणांकडून प्रश्नावली भरून घेतात आणि त्यालाच क्षेत्रकार्य म्हणतात.

5 जुलै

प्रस्ताव बदलून दोघांना पाठवला. शेतकऱ्यासाठीचं भावाचं ॲप काढून टाकलं. त्याऐवजी: लिलावाच्या आदल्या दुपारी, आवकीचा अंदाज आणि ओलाव्याचा पल्ला, तमिळमध्ये, एका मेसेजवर, लांबच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यांना. निम्मे लिलाव मेसेज पाठवून, निम्मे न पाठवता. कुठले ते नाणं उडवून. लहान ढीग एका जागी मांडले तर त्यांवर चिठ्ठ्या वाढतात का, हेही त्यातच. मोजायचं एकच: दर ढिगावर चिठ्ठ्या किती पडल्या. भाव आपोआप कळेल.

एक भीती गणितात बसत नाही. चौथा आला आणि तिघांबरोबर चहाला बसून आकडा ठरवून मोकळा झाला, तर ब्युलो-क्लेम्पेररचं प्रमेय गुंडाळून ठेवावं लागेल. कुठल्याही बाजारात हे होऊ शकतं. म्हणून हरलेल्या चिठ्ठ्या जपायच्या. सगळे आकडे संशय यावा इतके जवळजवळ यायला लागले तर तिथेच दिसेल.

सरांचं उत्तर संध्याकाळी आलं: यात अल्गोरिदम फार साधा आहे. मॅडमचं रात्री: यात ग्राहक सापडला. बाजाराच्या सचिवांकडे परवानगीचा अर्ज सोमवारी देते आहे.