जोडीचं नाव

परवा फडताळ आवरताना एक कॅसेट हाती लागली. दादा कोंडके यांच्या चित्रपटांतल्या निवडक गाण्यांची. वेष्टनाचा रंग पार उडालेला, आणि एका कोपऱ्यावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा. तो अंगठा माझ्या मोठ्या जाऊबाईंचा. झालं! फडताळ तसंच उघडं राहिलं आणि मी कॅसेट घेऊन पायरीवर बसले. तुमचंही असंच होतं ना मैत्रिणींनो? आवरायला काढावं एक, आणि मन जावं भलतीकडेच.

दारव्ह्याच्या आमच्या घरी मी सून म्हणून आले, तेव्हा उन्हाळा म्हणजे गच्ची आणि गच्ची म्हणजे कुरडया, पापड, सरगुंडे. टेपरेकॉर्डर मामंजींच्या खोलीत असायचा. त्यांना भजनं लागत. ही कॅसेट जाऊबाईंनी यवतमाळहून आणली होती. आता बंद पडलेल्या आपल्या शकुंतला गाडीनं, कापडाच्या पिशवीत कांद्याखाली लपवून! दुपारी मामंजींचा डोळा लागला की टेपरेकॉर्डर हळूच माडीवर जाई. महेंद्र कपूर यांचा आवाज जाऊबाई लावत, उषा मंगेशकरांचा मी. त्या गाण्यांतल्या काही ओळींना मी पदर तोंडाशी धरी, तर जाऊबाई गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "मले तं एकच अर्थ समजते वं, तुले दुसरा कोठून सुचला?" हसता हसता कुरडईचा सोऱ्या हातात तसाच राही.

अशा गाण्यांतच आमचा धंदा उभा राहिला. आधी शेजारणींनी मागितलं, मग लग्नघरांतून रुखवतासाठी सांगावे येऊ लागले. पुढे पाकिटं छापली. त्यावर आम्हा दोघींची नावं जोडून घातली, तिचं आधी, माझं मागाहून. पैसे एकाच डब्यात पडत. मृग लागला, की दोघी डबा पालथा करत असू आणि निम्मे-निम्मे मोजून घेत असू. वही नाही, पावती नाही. तीस वर्षांत एकदाही वाद झाला नाही.

२०२० च्या दिवाळीत जाऊबाई गेल्या.

पुढचा उन्हाळा आला. बाहेर टाळेबंदी होती, तरी जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येतच होते. पाकिटं संपली होती. छापखान्यातून विचारणा झाली, "काकू, आता एकच नाव टाकायचं ना?" कुणी म्हणालं, गेलेल्या बाईचं नाव खाण्याच्या जिनसेवर बरं दिसत नाही. मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगते.

आता तुमच्यापासून काय लपवू? मला त्या प्रश्नाचा राग आला नाही. उलट मनात कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं. एकच नाव म्हणजे डबाही एकाचाच. त्या वर्षी आलेले पैसे मी डब्यात न टाकता सरळ माझ्या पर्समध्ये ठेवले होते. जाऊबाईंच्या मुलानं विचारलं नव्हतं, सुनेनंही नाही. आणि कुणी विचारत नाही, म्हणजे आपलं बरोबरच आहे, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

त्याच दिवसांत, २२ मे २०२१ रोजी, नागपूरला संगीतकार रामलक्ष्मण यांचं निधन झालं. बातमी वाचली आणि मी थबकले. आमच्या कॅसेटवर हेच नाव होतं! इतकी वर्षं ते वाचलं, पण त्यामागची हकीकत मला ठाऊक नव्हती. राम आणि लक्ष्मण ही खरोखरच जोडी होती. राम म्हणजे सुरेंद्र, आणि लक्ष्मण म्हणजे आपल्या नागपूरचे विजय पाटील. दादा कोंडके यांनी १९७५ च्या 'पांडू हवालदार'साठी दोघांना घेतलं आणि हे जोडनाव दिलं. जोडी नावारूपाला येते आहे, 'एजंट विनोद' हा हिंदी चित्रपट हाती आला आहे, अशा वेळीच राम गेले. १९७७ साली तो चित्रपट पडद्यावर आला, तेव्हा ते नव्हते. पुढचं सारं संगीत एकट्या पाटलांचं. 'मैंने प्यार किया' १९८९ चा, 'हम आपके हैं कौन' १९९४ चा. नंतर कितीतरी वर्षं लग्नांत वरमाय मिरवली ती याच गाण्यांवर. पण नाव? शेवटपर्यंत रामलक्ष्मणच. गेलेल्या सोबत्याचं नाव आधी, आपलं मागाहून.

त्या रात्री झोप आली नाही. त्या गृहस्थांना चाळीसच्या वर वर्षं ते नाव जड झालं नाही, आणि मला एक उन्हाळाही निघेना?

सकाळी छापखान्याला कळवलं, दोन्ही नावं तशीच राहू द्या. मग पर्समधले पैसे काढले, निम्मे मोजले आणि जाऊबाईंच्या सुनेकडे गेले. तिला वाटलं, काकू मदत देताहेत. हात मागे घेऊ लागली. मी म्हटलं, "मदत नाही गं, तुझ्या सासूची कमाई आहे. तिच्या नावावर लोक माल घेतात." तिचे डोळे भरले, आणि माझेही. आता दर उन्हाळ्यात गव्हाचा चीक घोटायला ती येते, आणि मृगाच्या आधी डबा दोघींसमोर पालथा होतो.

मैत्रिणींनो, हल्ली आपल्यातल्या कितीतरी जणी जोडीनं काहीबाही करतात. कुणी मसाले, कुणी शिवण, कुणी डबे. सोबतीण गेल्यावर तिच्या फोटोला हार घालणं सोपं असतं. पण तिचं नाव चालवायचं असेल, तर तिचा वाटाही चालवावा लागतो. आणि खरं सांगते, असं काही एका कागदावर आधीच लिहून ठेवावं. माझ्यासारखी परीक्षा कुणाची होऊ नये.

जाता जाता, तुमच्याकडेही जुन्या कॅसेटी असतील तर त्या दमट फडताळात ठेवू नका, बुरशी धरते. स्पीकरच्या किंवा लोहचुंबकाच्या जवळ ठेवू नका. फीत सैल झाली असेल, तर चाकात पेन्सिल घालून हलक्या हातानं फिरवा. मी तसंच केलं. पण टेपरेकॉर्डर काही बोलेना. शेवटी सूनबाईनं तीच गाणी मोबाईलवर लावली. उषाताईंचा आवाज मी अजून लावते. महेंद्र कपूर यांचा लावायला मात्र घरात कुणी तयार होत नाही.